साउंड सॉलिड, डोकं जड!

मे महिन्यात कुणी हौसेनं जळगावला जातं का? मी जाते. पुण्यातले फ्रेंड्स कोकण-गोवा-महाबळेश्वरचे प्लॅन आखत असतात आणि मी स्लीपर बसमध्ये बॅग टाकून 44 डिग्रीच्या दिशेनं निघालेली असते. कारण पिंप्राळा. तिथे मावशीचं घर आहे, मावशीच्या हातची शेवभाजी आहे, आणि यंदा तर पोर्चमध्ये चक्क एक स्पोर्ट्‌स कार उभी होती. पिवळीधमक, दोन सीटर, कमरेइतक्या उंचीची!

ही दादाची, म्हणजे माझ्या मावसभावाची करामत. दादा हिंजवडीत आयटीत. पगार बरा, पार्किंग नाही. म्हणून त्यानं ही सेकंडहँड गाडी घेतली आणि सरळ आईच्या पोर्चमध्ये आणून लावली. मावशीची तुळस त्यामुळे मागच्या अंगणात गेली. या स्थलांतरावर मावशी अजून बोलतेय.

फेरारी-बिरारी समजू नका हं. ही सॅन स्टॉर्म. नाव ऐकलंय? बहुतेकांनी नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्सनं ही गाडी बनवली. फायबरची बॉडी, पुढे रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, ताकद 60 हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅकसुद्धा तिला सिग्नलवर मागे टाकेल. पण आपल्याकडे रस्त्यावर मारुती 800 आणि झेनचं राज्य होतं, तेव्हा कुणीतरी आपल्या शेजारच्या राज्यात बसून दोन सीटर स्पोर्ट्‌स कार बनवत होतं, ही गोष्टच मला जाम भारी वाटते. फार थोड्या बनल्या. त्यातली एक पिंप्राळ्यात.

तर पहिल्या दिवशी सकाळी दादानं स्टार्टर मारला आणि गल्लीतली चार कुत्री उठून उभी राहिली. टक-टक-टक-टक. जणू बॉनेटखाली कुणी टाइपरायटर घेऊन बसलंय. ॲक्सिलरेटर दाबला की टायपिंगचा स्पीड वाढायचा. दादा खूश. ‘‘ऐकला साउंड? याला म्हणतात स्पोर्ट्‌स कार!’’ शेजारच्या पोरांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलं, एकानं रिंगटोन केली म्हणे. गंमत म्हणजे पाच-दहा मिनिटांनी गाडी गरम झाली की आवाज बराच कमी व्हायचा. दादाचं म्हणणं, ‘‘वॉर्मअप झाली.’’ आम्ही मान डोलावली. इंजिनातलं मला तेव्हा एवढंच कळायचं, की ते पुढे असतं.

पहिली राइड अजिंठ्याची. नेरी, पहूर, फर्दापूर, साठेक किलोमीटर. छप्पर काढून वारा खात जायचं स्वप्न होतं, पण मे महिन्यातल्या जळगावात दुपारी छप्पर काढणं म्हणजे तव्यावर स्वतःहून बसणं. त्यामुळे छप्पर लावलेलं, काचा बंद, ब्लोअर फुल्ल. फर्दापूर यायच्या आत माझं डोकं ठणकायला लागलं. मळमळ वेगळी. लेणी बघायचं सोडून मी सावलीत बसून पाणी पीत राहिले आणि अर्ध्या-पाऊण तासात बरी झाले. परत येताना पुन्हा तेच. घरी पोचल्यावर मावशीनं एक नजर टाकून निदान केलं, ‘‘ऊन लागलं तुला.’’ कैरीचं पन्हं आलं, टाळूवर ओला टॉवेल आला, उद्यासाठी खिशात कांदा आला. खानदेशात डोकं दुखलं की ऊन. दुसरं कारण कुणाला सुचतच नाही, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते खरंही असतं.

दोन दिवसांनी आम्ही पद्मालयाच्या गणपतीला गेलो. धुळे रोडनं एरंडोल, तिथून आत. मुद्दाम संध्याकाळी निघालो, कारण मावशीचा हुकूमच होता. परत येताना काळोख, बाहेर बऱ्यापैकी वारा, पण हायवेवर ट्रकचा धुरळा म्हणून काचा वर. एरंडोल सोडलं आणि माझं डोकं पुन्हा ठणकायला लागलं. तोच ठणका, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी. बघते तर दादाही एका हातानं कपाळ चोळतोय. जांभया देतोय. आणि मग एक क्षण असा आला, की समोरून ट्रकचे लाइट येतायत आणि आमची गाडी हळूहळू मधल्या पांढऱ्या पट्टीवर चाललीय. मी ओरडले. दादानं स्टिअरिंग खेचलं. ट्रकवाला हॉर्न देत गेला.

गाडी बाजूला घेतली, काचा खाली केल्या, दोघंही बाहेर येऊन उभे राहिलो. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मी म्हटलं, ‘‘दादा, आत्ता ऊन कुठंय?’’

उरलेला रस्ता काचा पूर्ण खाली, तोंडात धूळ, स्पीड चाळीस. घरी मावशीला ट्रकचं सांगितलं नाही. मावशी, हे वाचत असशील तर सॉरी.

दुसऱ्या दिवशी दादानं गाडी हायवेवरच्या एका चकाचक सर्व्हिस सेंटरला नेली. नाव नको. तिथल्या शर्टवर नेमप्लेट लावलेल्या मुलानं तीस सेकंद ऐकलं आणि म्हणाला, ‘‘टॅपेट आहे सर.’’ टॅपेट ॲडजस्ट झाले, ऑइल बदललं, बिल आलं. पुढच्या सकाळी पुन्हा टक-टक-टक.

मग अजिंठा चौफुलीकडचे मिस्तरी काका. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक कडुनिंब, एक खाट. मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ झालंय, कारण ते ‘गाडी चालू करा’ असं नव्हतं. ‘‘आज बंदच ठेवा. सकाळना थंडी लई या.’’ म्हणजे रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड गाडी आणा. टॅपेटचा आवाज इंजिन गरम झालं तरी बहुधा राहतो, काका म्हणाले. जो आवाज थंडीत मोठा आणि गरम झाल्यावर पळतो, तो बहुतेक वेळा एक्झॉस्टचा. हे त्या नेमप्लेटवाल्याला विचारायला सुचलं नव्हतं, आणि आम्हालाही सांगायला.

सकाळी सातला आम्ही हजर. रात्री गाडी तिथेच लावून रिक्षानं घरी आलो होतो. काकांनी एक मीटरभर रबरी पाइप घेतला, एक टोक कानाला लावलं, दुसरं टोक चालू इंजिनाभोवती फिरवायला लागले. अगदी डॉक्टर! पाइप एका जागी थांबला. मग माझ्या कानाला लावला. बाप रे. तिथे टकटक नव्हती, फुसकारे होते. फस-फस-फस, एकामागून एक. ‘‘इंजिन बरोबर शे ताई,’’ काका म्हणाले. ‘‘गॅस्केट फुटेल शे. धूर मझार यी राहिना.’’

मझार म्हणजे आत. म्हणजे आमच्याकडे.

आता थोडं इंजिनातलं, घाबरू नका. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं आणि जळका वायू एका दारातून बाहेर फेकला जातो. ही सगळी दारं एका लोखंडी पंजात उघडतात. चार बोटं एकत्र येऊन एक मनगट व्हावं तसा तो पंजा. त्याचं नाव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तिथून पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सर आणि मागे धूर. मॅनिफोल्ड आणि इंजिनाचं हेड यांच्या मध्ये फट राहू नये म्हणून एक पातळ पट्टी असते, तेच गॅस्केट. बिचाऱ्याचं आयुष्य फार वाईट. एका बाजूला ॲल्युमिनियमचं हेड, दुसऱ्या बाजूला बिडाचा मॅनिफोल्ड. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोज गाडी तापली की दोघं वेगवेगळे ताणतात, निवली की वेगवेगळे आकसतात आणि मधल्या मधे गॅस्केट घासलं जातं. (जॉइंट फॅमिलीतल्या सुनेची उपमा सुचली होती, मावशीनं खोडली.) या ओढाताणीचा सगळ्यात जास्त ताण टोकाच्या स्टडवर येतो. स्टड म्हणजे मॅनिफोल्ड आवळून धरणारे दांडे. टोकाचा स्टड तुटला की तिथली पकड जाते, फट पडते, गॅस्केट जळतं. गाडी गरम झाली की धातू फुगून फट थोडी बुजते, म्हणून आवाज कमी होतो. वायू मात्र येतच राहतो.

ही दुखणी फक्त जुन्या गाड्यांची नाहीत बरं का. फेरारीची एफ 355 ही जगातल्या देखण्या गाड्यांपैकी एक, आणि तिचे मॅनिफोल्ड तडकण्यासाठी इतके बदनाम आहेत की जुनी 355 घेणारा माणूस आधी तेच तपासतो. त्यामुळे दादाला थोडं बरं वाटलं. मला नाही. माझ्या डोक्यात ‘मझार’ घुमत होतं.

कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की ऑक्सिजनला बसायला जागाच राहत नाही. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, झोप यायला लागते. तापलेल्या दुपारी ऊन लागल्यासारखंच वाटतं सगळं! कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा विषारी वायू बराचसा निष्प्रभ करतो, पण तो असतो मॅनिफोल्डच्या पुढे. गळती त्याच्या आधी झाली, तर सगळा कच्चा धूर बॉनेटखाली जमतो. आणि ब्लोअर हवा कुठून ओढतो? बहुतेक गाड्यांत विंडस्क्रीनच्या खालच्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या अगदी मागून. आम्ही गारवा हवा म्हणून ब्लोअर फुल्ल करून तो धूर स्वतःच्या तोंडावर मारून घेत होतो. मोकळ्या हवेत आलं की वायू हळूहळू रक्तातून उतरतो, पण निम्मा उतरायलाही चार-पाच तास लागतात. आपल्याला बरं वाटायला लागतं, रक्त अजून साफ झालेलं नसतं. त्याच दिवशी परतीला पुन्हा तेच, हे आता कळतंय.

मी पुण्यात रोज पाहते. सिग्नलवर काचा बंद करून बसलेले लोक, कुणाची जुनी हॅचबॅक सकाळी टकटक करते, कुणाला रोज ऑफिसला पोचेपर्यंत डोकं जड होतं. स्ट्रेस, म्हणतात. असेलही. पण सुटीच्या दिवशी डोकं दुखत नसेल आणि गाडीत बसल्यावरच दुखत असेल, तर बाम लावायच्या आधी गाडी बघा. गाडीत डोकं जड झालं तर काचा उघडा, थांबा, उतरा. उतरूनही गरगरत असेल तर सरळ डॉक्टर गाठा आणि गाडीतल्या धुराचं त्यांना सांगा.

पत्रकार असल्यानं मला पुरावा हवा होता. काकांचा कान ग्रेट, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. एका ऑटो इंजिनिअर मित्रानं फोनवर युक्ती सांगितली. गाडी बंद आणि पूर्ण थंड. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप उलटा लावायचा, म्हणजे तो हवा ओढण्याऐवजी फुंकेल. ते टोक सायलेन्सरच्या तोंडात घालून भोवती फडकं गुंडाळायचं. मग भांड्यांच्या लिक्विडचं पाणी मॅनिफोल्डच्या जोडावर स्प्रे करायचं. मावशीचा व्हॅक्यूम क्लीनर मी विचारून घेतला का? नाही. शेवटच्या दाराशी बुडबुड्यांचा फुगा उठला, फुटला, पुन्हा उठला. तिथेच हेडवर काजळीचा काळा फराटा होता आणि त्या टोकाच्या स्टडला नटच नव्हता. अर्धा स्टडही नव्हता. मी तिथेच नाचले. क्लीनरच्या पाइपला सायलेन्सरचा वास लागला तो लागलाच. त्याची भरपाई अजून चालू आहे.

आता रिपेअर. काकांकडे दोन पर्याय होते. एक, शीट आणून, मॅनिफोल्डवर ठेवून, हातोडीनं ठोकून ठोकून गॅस्केट कापणं. हे काम आपल्याकडचे मिस्त्री इतकं सुंदर करतात की बघत राहावं. पण काका स्वतःच नको म्हणाले. घरगुती शीट इथल्या उष्णतेला किती टिकेल, भरवसा नाही, आणि धूर आत येतोय म्हटल्यावर प्रयोग नको. दुसरा पर्याय, खरं गॅस्केट. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोत भरपूर खपलं, त्यामुळे तिकडे पार्ट मिळतो. दादानं इंग्लंडहून मागवलं. किंमत एका पिझ्झाइतकी, कुरिअर दहा पिझ्झांइतकं. तोवर गाडी पोर्चमध्ये झाकून. दादाची सुटी संपली, तो पुण्याला गेला. मी फ्रीलान्सर! माझं ऑफिस माझ्या मांडीवर. मी राहिले.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं तेव्हा पावसाचा पहिला शिडकावा होऊन गेला होता. काकांनी आदल्या रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. ‘‘घाई करी की स्टड तुटस,’’ ते म्हणाले. सकाळी पुन्हा तेल. मग पाना. थोडं उलट, थोडं सुलट, पुन्हा उलट. सहा नट निघाले. सातवा स्टडसकट फिरला, पण तो चालतो, स्टड बदलता येतो. खरी परीक्षा तुटलेल्या टोकाच्या स्टडची होती. तो हेडमध्ये रुतलेला, बाहेर जेमतेम दोन मिलिमीटर. काकांनी बॅटरीचं कनेक्शन काढलं, तुटक्या टोकावर एक नवा नट ठेवला आणि त्याच्या पोटातून वेल्डिंग मारलं. उष्णतेनं गंजाची पकड सुटते आणि पान्याला धरायला नटही मिळतो. थोडं निवू दिलं. मग पाना लावला आणि तो तुकडा लोण्यातून सुरी फिरावी तसा बाहेर आला. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मंगल कार्यालयात चुकून शिट्टी वाजवली. हा तुकडा हेडच्या आत तुटला असता तर बरोबर मधोमध ड्रिल करावं लागलं असतं, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं तर ॲल्युमिनियमचं हेडच खराब. लोक घरी करायला जातात आणि इथेच फसतात.

जुनं गॅस्केट खरवडायचं काम मला दिलं. पितळी पट्टीनं, हलक्या हातानं, कारण हेड मऊ, त्याला ओरखडा पडला की नवी गळती. शिवाय खूप जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तोंडाला मास्क आणि पाण्यानं ओलं करून खरवडायचं, फुंकर मारायची नाही. कोविडचे उरलेले मास्क अखेर कामी आले.

मग काकांनी मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ स्टीलपट्टी ठेवली आणि खालून फिलर गेजची पाती सरकवली. टोकाला पातं आरामात गेलं. मॅनिफोल्ड वाकलेला! नवं गॅस्केट असंच बसवलं असतं तर दोन महिन्यांत पुन्हा टकटक. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये त्याचं तोंड सपाट करून आणलं. अर्धा दिवस गेला, पण मला विचाराल तर हीच या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि घाईत सगळ्यात आधी हीच गाळली जाते.

बसवणं त्या मानानं झटपट. नवे स्टड, नवे नट, मध्ये कोरडं गॅस्केट. मी विचारलं, वरून सिलंट नाही लावायचा? काकांनी मान हलवली. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत आवळले. शेवटची फेरी टॉर्क रेंचनं. असल्या 8 मिलिमीटरच्या स्टडला 20 ते 25 न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. जोर लावून जास्त आवळलं की नवा स्टडही तुटतो.

रात्रभर गाडी तशीच ठेवली. सकाळी थंड इंजिनाला स्टार्टर. मी श्वास रोखून उभी. घुर्र... आणि एक सरळ, गुळगुळीत आवाज. टकटक गायब. काकांनी पाइप कानाला लावून सगळीकडे फिरवला, मग मला दिला. कुठेही फुसकारा नाही. मी बॉनेट लावून, काचा बंद करून, ब्लोअर फुल्ल करून एरंडोलपर्यंत गेले आणि आले. काका बाजूला बसले होते. काहीही दुखलं नाही. काकांना मात्र माझं ड्रायव्हिंग झेपलं नाही, ते येताना रिक्षानं यायचं म्हणत होते.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ असतो. त्यासाठी दादा आदल्या रात्री आला आणि पहाटे उठून आधी पोर्चमध्ये गेला. मी खिडकीतून बघत होते. त्यानं स्टार्टर मारला. ऐकलं. बंद केली. पुन्हा मारला. कुत्री झोपूनच राहिली.

‘‘यार,’’ तो वर बघून म्हणाला, ‘‘ही तर वॅगन-आरसारखी वाजतेय. एखादा स्पोर्टी सायलेन्सर बसवू का?’’

मावशी मागच्या दारानं फुलं घेऊन येत होती. तिनं काही न बोलता गाडीची चावी काढून घेतली आणि देवघरात ठेवली. ट्रकचं तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. काका असणार.